दोन पराभवांची बाई

रकाना एक. उमेदवाराचे नाव.

हा रकाना तूर्त राहू द्या. पक्षात तिला सगळे अर्जबाई म्हणायचे, आणि हे नाव काही मतदारयादीत सापडायचं नाही.

रकाना दोन. व्यवसाय.

झेरॉक्सचं दुकान. नवरा मशीन चालवायचा आणि ती काउंटरवर बसून लोकांचे अर्ज भरून द्यायची. रेशनचे, शाळेचे, पेन्शनचे, आणि दर निवडणुकीला पक्षाच्या सगळ्या उमेदवारांचे. तिच्या हातचा अर्ज कधी परत येत नाही अशी तिची ख्याती होती. एकदाच बाद झाला.

आज अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. मुदत तीनची. बाराच्या सुमाराला ती पक्ष कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, बंद दाराबाहेरच्या बाकावर बसली होती. पिशवीत तिचा स्वतःचा अर्ज होता, पूर्ण भरलेला, पानोपानी सही केलेला. फक्त पक्षाचं पत्र जोडायचं बाकी होतं. समोरच्या पक्षात फूट पडली होती, त्यामुळे या खेपेला तिचा वॉर्ड जिंकण्यासारखा होता. वीस वर्षं सतरंज्या उचलल्या, आता एकदा तरी खुर्चीवर बसायला मिळेल, असं तिला वाटत होतं. सकाळी नवऱ्याने न सांगता तिच्या चपला पुसून ठेवल्या होत्या.

रकाना तीन. यापूर्वी लढवलेल्या निवडणुका.

(अ) पहिली. जिथे पक्षाला पाचशे मतं पडायची मारामार, असा वॉर्ड. काका स्वतः दुकानात आले होते. काका म्हणजे अध्यक्ष. लहानथोर सगळ्यांचेच काका. "ताई, कुणीतरी उभं राहायला हवं हो. नाहीतर लोक म्हणतील, माणसंच नाहीत यांच्याकडे. पुढच्या वेळी चांगला वॉर्ड तुमचा." ती उभी राहिली आणि सपाटून आपटली.

(ब) दुसरी. चांगला वॉर्ड काकांच्या पुतण्याला गेला. तिला सांगितलं, डमी अर्ज भरा. मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झालाच तर पक्षाची जागा रिकामी जाऊ नये, म्हणून दुसऱ्या कुणाचा तरी अर्ज भरून ठेवतात, तो डमी. तिने दोन्ही अर्ज भरले. छाननीत पुतण्याच्या प्रतिज्ञापत्राचं शेवटचं, सहीचं पान निघालंच नाही. अर्ज बाद. डमी उभी राहिली आणि दोन हजारांनी हरली.

पान तिच्याच हातून राहिलं असणार. दुसरं कोण? तिने पुतण्याच्या घरी जाऊन हात जोडले. "होतं हो बाई, माणूस आहे," तो म्हणाला आणि वर चहा पाजला. तेव्हापासून ती कुठलाही अर्ज तीनदा मोजायची. गिऱ्हाइकं हसायची, "बाई, नोटा आहेत का त्या?"

रकाना चार. नियम.

त्या पराभवानंतर कारणं शोधायला समिती बसली. अक्षर चांगलं म्हणून अहवाल तिच्या गळ्यात पडला. घरोघर फिरून तिने लोकांना विचारलं, मत का नाही दिलंत? पक्षातला एक कंत्राटदार चारदा हरूनही दरवेळी तिकीट घेऊन यायचा, लोक त्याला विटले होते. त्याला डोळ्यांसमोर ठेवून तिने शेवटी लिहिलं: "दोनदा पराभूत झालेल्यास पुन्हा उमेदवारी देऊ नये." समितीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा, शंभर टक्के!" नियम एकमताने मंजूर झाला. डमीचा पराभव धरू नये, असं लिहायला हवं होतं. आयुष्यभर लोकांना "बारीक अक्षरातलं वाचा" म्हणून बजावणाऱ्या बाईला स्वतःच्या मोठ्या अक्षरातलं दिसलं नाही.

रकाना पाच. आत बोलावलं.

टेबलामागे काका, बाजूला डॉक्टरीणबाई, खिडकीशी मोबाइलमध्ये डोकं घातलेला पुतण्या.

"बसा ताई," काका म्हणाले. "नियम तुमचाच आहे, तेव्हा मी काय सांगू? दोन पराभव झाले."

"दुसऱ्या वेळी मी डमी होते, काका."

"निकालपत्रावर नाव कुणाचं आहे?"

तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"याची पाटी कोरी आहे," काकांनी पुतण्याकडे मान वळवली. "एकही पराभव नाही. हात वर करून ठरलंय."

तिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. पहिल्या पराभवाच्या दिवशी याच बाईंनी तिला मिठीत घेऊन थोपटलं होतं. आता त्या चष्मा पुसत होत्या. "माझाही हात होता गं," त्या म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."

"तुमचा अर्ज तयार असेलच," काका म्हणाले. "तो डमी म्हणून जोडून टाकू."

"नियम डमीला लागू नाही?"

"छे! डमी म्हणजे काय उमेदवार असतो का?"

"मग ती हार माझी कशी?"

पुतण्याला वाटलं, वातावरण जरा हलकं करावं. स्वभावाने तो वाईट नव्हता, गंमत्या होता. "बाई, घाबरू नका हो. या वेळी वारा आपल्या बाजूचा आहे. या वेळी नाही कुणी पान काढणार!"

तो हसला. काकाही हसायला निघाले आणि मध्येच थांबले. डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"काढलं होतं?" तिने विचारलं.

"तेव्हा जागा पडणारच होती, ताई," काका शांतपणे म्हणाले. "पोराच्या कपाळी पहिल्याच फटक्याला हार कशाला? पक्षाचाही विचार करावा लागतो."

"मी यांच्या दारात हात जोडायला गेले होते."

"तुमचा मोठेपणा तो," पुतण्या म्हणाला. आणि त्याला खरंच तसं वाटत होतं.

"डॉक्टरीणबाई, तुम्हाला माहीत होतं?"

"उगाच तुला त्रास नको, म्हणून..."

रकाना सहा. जोडपत्रे.

पुतण्याचा अर्ज टेबलावर होता. दुसऱ्या कुणीतरी घाईत भरलेला. सवयीने तिची नजर त्यावर गेली. यादीतला अनुक्रमांक चुकला होता, दोन ठिकाणी सह्या नव्हत्या. गप्प बसली असती तर छाननीत तो आपोआप पडला असता. पण चुकलेला अर्ज तिला सहन होत नसे; पायात काटा मोडल्यासारखं व्हायचं. तिने अंक दुरुस्त केला, सह्यांच्या जागी बोट ठेवलं. पुतण्याने सह्या केल्या.

"आणि डमी?" काका म्हणाले.

"मी नाही."

"अहो, दोन वाजले! आता दुसऱ्या कुणाचा अर्ज कधी तयार होणार?"

"नाही होणार."

निवडणूक कार्यालयात ती पुतण्याबरोबर गेली. कारकुनासमोर एकेक पान मोजून दिलं आणि पानांच्या आकड्यासकट पोच घेतली. कारकुनाने विचारलं, "पर्यायी उमेदवार?" पुतण्याने तिच्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"बाई, वारा फिरला तर?" त्याने हळूच विचारलं. त्याचा चेहरा पहिल्यांदाच जरा उतरला होता.

"तर पडाल."

तो गेल्यावर ती बाहेरच्या पायरीवर टेकली. नवऱ्याचा फोन आला. मागे मशीनची घरघर.

"काय गं, झालं ना? दुकानात माणसं जमलीत. काय सांगू?"

"सांग, तिकीट नाही मिळालं."

"डॉक्टरीणबाई बोलल्या असतील ना तुझ्या बाजूने?"

"हात वर केला त्यांनी. त्याच्यासाठी."

घरघर थांबली. "अपक्ष भर," तो म्हणाला. "अजून वीस मिनिटं आहेत."

अपक्षाला दहा सूचकांच्या सह्या लागतात. तिने वॉर्डातली माणसं मनात आठवायला घेतली, जी हाक मारल्याबरोबर हातातलं काम टाकून येतील अशी. वीस वर्षांत जोडलेली. दहा नावं सहज निघाली. दहाही पक्षाचीच होती, आणि त्यातल्या कुणाकुणाला ते पान माहीत होतं, हे आता कोण सांगणार?

"ऐकतेयस ना?" नवरा तिसऱ्यांदा फोन करून विचारत होता.

आत शिपायाने तीनची घंटा दिली आणि दाराची एक फळी लोटली.