सकाळचं पहिलं पाऊल

"बाई, दाबू नगा की! जीव जाईल माझा!"

आकारामनं पाय ओढून घेतला, तसा संघप्रियानं अंगठा काढला. दुखरी जागा नेमकी सापडली होती, टाचेच्या आतल्या कडेला. शिरोलीच्या फाउंड्रीत वीस वर्षं उभा राहिलेला हा माणूस आता खाटेवर लहान मुलासारखा तोंड वाकडं करून बसला होता.

"सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना कळ येते?"

"व्हय की. खिळा ठोकल्यागत. मग जरा चाललो की कमी हुतंय."

"तळव्याखाली एक जाड पडदा असतो, त्याला ताण बसलाय. रात्रभर तो आखडतो आणि पहिल्या पावलाला ओढ बसते. अंथरुणातून उठायच्या आधी चवड्याला टॉवेल अडकवून पाय स्वतःकडं ओढायचा. बाटलीत पाण्याचा बर्फ करून ती तळव्याखाली फिरवायची. आणि उभं राहणं कमी करा."

"भट्टीम्होरं खुर्ची टाकून बसू व्हय?" आकाराम हसला.

तीही हसली, पण ओठांनीच. हे उत्तर तिला पाठ होतं. सेवाभावी दवाखान्यातल्या या फिजिओथेरपीच्या खोलीत तिला तीन वर्षं झाली होती. दोन हजार तीनचा मार्च तापत होता आणि पंखा नुसताच आवाज करत होता. दिवसाला चाळीस माणसं. गुडघे, कंबर, मान, आणि टाचा तर विचारू नका. दुपारपर्यंत तिचे अंगठे आखडून जात. घरी गेल्यावर ताट पुढ्यात असतानाच डोळे मिटत.

"एकतीस नंबर!" दारातल्या मावशींनी हाक दिली.

संघप्रिया बेसिनवर हात धूत होती. पाठीमागं कुणीतरी खाटेवर बसलं.

"कुठं दुखतंय?" तिनं न वळताच विचारलं.

"टाच. उजवी."

"किती दिवस झाले?"

"वरीस झालं असंल."

नळ तसाच वाहत राहिला. संघप्रिया वळली. खाटेच्या कडेवर, केसपेपर दोन्ही हातांत धरून, तिची आई बसली होती. बाळाबाई कामावरून परस्पर आल्या होत्या. पदराला पीठ लागलं होतं.

"आई! तू नंबर लावून आलीस?"

"मग? भाईर एवढी माणसं बसल्यात. पोरगी हाय म्हणून मधीच घुसू?"

"घरात सांगायचं न्हाईस? एकाच खोलीत झोपतो की आपण!"

"कवा सांगू? आलीस की पडतीस. तुझाच जीव दमल्याला असतोय."

आईनं हे साधेपणानं सांगितलं, आज भाजी कुठली केली ते सांगावं तसं. संघप्रियाला पुढचा प्रश्न विचारवेना, पण तो विचारल्यावाचून चालणार नव्हतं.

"सकाळी उठल्यावर…"

"न्हाणीपतूर भिताड धरून जातो. मग येतोय पाय वळणावर."

आई पहाटे चारला उठायची आणि हिला सहाला जाग यायची. तोवर दुखणं चालून चालून दबलेलं असायचं. रोज चाळीस जणांना विचारायचा प्रश्न तिनं घरात एकदाही विचारला नव्हता.

ती स्टुलावर बसली आणि आईचा पाय मांडीवर घेतला. बाळाबाईंनी तो झटकन मागं घेतला.

"पायाला हात नगो लावू. लोकं बघत्यात."

"इथं मी सगळ्यांच्याच पायाला हात लावते, आई."

तळवा फरशीसारखा टणक होता, टाचेला खोल भेगा होत्या. मुलींच्या वसतिगृहातल्या मेसमध्ये बाळाबाई एकोणीस वर्षं भाकऱ्या थापत होत्या; ओट्यापुढं उभ्यानं, अनवाणी, कारण स्वयंपाकघरात चपला चालत नसत. त्याच मेसच्या एका कोपऱ्यात बसून संघप्रियानं दहावीचा अभ्यास केला होता. पदवी घेताना आणि घेतल्यावर तिनं हजारो पाय हाताळले असतील. हा पाय कधी हातात घेतला नव्हता.

तिनं अंगठा दाबला. आई ओरडली नाही. तिनं फक्त खाटेची कड घट्ट धरली.

"काम सोड आता. मी मिळवते की."

"आणि दिवसभर करू काय? दीडशे पोरी हाईत. माझीच भाकरी फुगतीया म्हणत्यात."

"मग निदान मऊ चप्पल तरी घाल. मी येऊन बोलते तुमच्या रेक्टरबाईंशी."

"नगो!" आईचा आवाज पहिल्यांदाच चढला. मग ती हळू बोलली, "गेल्या साली बायडाबाईचं गुडघं धरलं, तर दुसऱ्या म्हैन्यात तिच्या जागंवर नवी बाई. मला म्हातारीत काढू नगो. कुणाला कळता कामा न्हाई."

एरवी अशा वेळी संघप्रिया 'आराम करा' म्हणायची आणि पुढच्याला बोलवायची. तिनं आईला भिंतीपाशी उभं केलं. दोन्ही हात भिंतीला, उजवा पाय मागं, टाच जमिनीला टेकलेली.

"तीसपर्यंत मोज. पोटरीत ओढ बसू दे."

"भाकरी मोजल्यागत?"

"तशीच मोज."

बाळाबाई मोठ्यानं मोजू लागल्या. विशीनंतर आवाज कापायला लागला, पण टाच हलली नाही. संघप्रियानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तीस होईपर्यंत काढला नाही.

"बत्तीस नंबर!"

आईनं पदर सारखा केला, केसपेपरची घडी घातली. "लोकं खोळंबल्यात. जातो मी. सांजच्याला लवकर ये."

पुढच्या बाईंनी खाटेवर पाय ठेवलाच होता. "एक मिनिट हं," म्हणून संघप्रिया खिडकीपाशी गेली. आई आवारातून चालली होती. ताठ, नेहमीच्या चालीनं, जरासुद्धा न लंगडता. फाटकाशी वळून तिनं हात हलवला. मग ती बाहेर पडली, रिक्षास्टॉपच्या खांबाला टेकली आणि इकडं पाठ करून, उजवी टाच उचलून, एका पायावर कितीतरी वेळ उभी राहिली.