आर्डिसचं बटण

“माल्ट नाही जळत, नॉर्बर्ट. दुसरंच काहीतरी जळतंय,” आर्डिस म्हणाली आणि पळी बाजूला ठेवून हवा हुंगू लागली.

मला आणि तिच्या नवऱ्याला, नॉर्बर्टला, बिअरसाठी उकळत्या माल्टच्या गोड वासापलीकडे काही जाणवत नव्हतं. पण आर्डिसच्या नाकापुढे आमच्या शेबॉयगनमध्ये कुणाचं चालत नाही. मी तर शेजारी, तिची घरची बिअर वर्षानुवर्षं फुकट पिणारा. मी कशाला बोलतोय! नॉर्बर्टनं गॅरेजच्या भिंतीवरच्या विजेच्या पॅनलला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बटण तव्यासारखं तापलं होतं. त्यानं धावत जाऊन मेन बंद केला.

बटण कुठलं, तर शाळेच्या बसचं! नॉर्बर्टनं जन्मभर बस दुरुस्त केल्या, त्यामुळे घरात असल्या बटणांचा ढीग. याच्यावर ‘पंचवीस अँपिअर’ लिहिलेलं, बिअरच्या पातेल्यातली तापायची कॉइल खेचते तेवीस. झालं, गड्यानं बसवून टाकलं. ते पंचवीस बसच्या बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी होते. इथे व्होल्ट दोनशे चाळीस! असली चूक बसवाल्यानंच करावी.

“घर पेटवलं असतंस,” आर्डिस म्हणाली.

“घर नाही, गॅरेज,” मी म्हणालो.

“एल्डन, तू गप्प बस.”

पुढच्या आठवड्यात नॉर्बर्टनं कारखान्यातल्या यंत्रांवर असतं तसं फिरवायचं बटण आणलं. चाळीस अँपिअर, आणि तेही दोनशे चाळीस व्होल्टला. आर्डिसनं ते एका हातानं फिरवून पाहिलं, मग दोन्ही हातांनी. संधिवातानं तिची बोटं वाकडी झालीयेत. गॅसची टाकी उचलवेना, म्हणून तर हा विजेचा खटाटोप. बटण तसूभर हललं नाही. शेवटी नॉर्बर्टनं ते फिरवून दिलं.

त्यानंतर बिअर करायचे शनिवार आले नि गेले, गॅरेजचं दार काही उघडलं नाही. “थंडी फार आहे,” ती म्हणायची. सरोवराच्या काठावर बर्फ साचलेलं असताना उघड्यावर शेगडी मांडणारी ही बाई, आणि हिला म्हणे थंडी!

नॉर्बर्ट माझ्याकडे येऊन बसला. “तिनं बिअर करणं सोडलं तर ती खचेल रे.”

“मग तू फिरवून देत जा ना.”

“दर वेळी मला हाक मारायची? नाही मारणार ती. हलकं लावावं तर जळतं, आणि जड तिच्यानं फिरत नाही.” मग त्याची नजर खिडकीतून माझ्या गाडीवर गेली. “एल्डन, बस कशी सुरू होते?”

“किल्लीनं.”

“स्टार्टरचा करंट किल्लीतून जातो होय? कोळसा होईल तिचा! किल्ली नुसतं सांगते. ओझं उचलतो तो रिले, आतला दणकट स्विच. मी पण काय गाढव आहे!”

गाढव होताच, पण बायकोवर जीव टाकणारं. त्यानं पॅनलच्या आत दणकट रिले बसवला, चाळीस अँपिअरचा. या वेळी व्होल्ट चष्मा लावून वाचले, मग मलाही वाचायला लावले. बाहेर त्या रिलेला हुकूम देणारं छोटं, हलकं बटण.

शनिवारी आर्डिसनं वाकड्या बोटानं ते दाबलं. आत खट् झालं. तिनं बंद केलं. पुन्हा चालू.

“अगं, झिजेल तो रिले,” नॉर्बर्ट म्हणाला.

“झिजू दे,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तिनं ते लपवलेही नाहीत.

दुपारी पातेलं उकळून झालं. आर्डिसचे हात बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांनी चिकट झालेले, मी पॅनलपाशीच उभा. बंद करावं म्हणून मी हात पुढे केला, तर नॉर्बर्टनं माझं मनगट धरलं.

“हात काढ. ते तिचं काम आहे.”

आर्डिसनं एकेक बोट फडक्याला पुसलं आणि पातेल्याला वळसा घालून ती सावकाश आली. आम्ही दोघं वाट सोडून उभे राहिलो.