सुईचं भोक, दाभणाचं भोक

माझ्या धाकट्या जावेला जुळं झालं, त्या वर्षी आमच्या माळावरच्या अकराही फळझाडांच्या पानांवर गाठी आल्या. वाटाण्याएवढ्या, टणक. फळ धरेना. फवारणीवाला येऊन सांगून गेला, "फांद्या छाटा, जाळून टाका. दुसरा उपाय नाही." ह्यांनी कोयत्याला धार लावली.

झाडं सासूबाईंनी लावलेली. जन्मभर त्यांनी पोती शिवली. आता डोळ्यांना जेमतेम उजेड कळायचा. सूपभर गाठी मांडीवर घेऊन त्या चाचपत बसल्या.

"अगं सूनबाई, ह्या गाठींवरची भोकं दोन तऱ्हेची आहेत. हे दाभणाचं, हे सुईचं."

"आई, भोक ते भोक," हे म्हणाले.

"पोती शिवणारीला भोकं शिकवतोस होय रे? आत दोन भाडेकरू आहेत. तुझा कोयता जरा थांबव."

"चार दिवस. पाचव्या दिवशी ऐकणार नाही."

मी भोक न पडलेल्या गाठी बरणीत घातल्या, तिच्या तोंडाला जुन्या धोतराचा तुकडा बांधला. चौथ्या दिवशी सकाळी बरणीत दोन-तीन मरतुकडी चिलटं होती, दाभणाच्या भोकांतून निघालेली. बाकीच्या बहुतेक गाठींना मात्र सुईची भोकं पडली होती, आणि काचेवर तिळाहून बारीक, हिरव्या-सोनेरी माश्या चालत होत्या. शेपटीला केसासारखी सुई.

एक बंद गाठ मी ब्लेडने चिरली. आत कोठडी. कोठडीत गाठ करणाऱ्या चिलटाची नारिंगी अळी, आणि तिला चिकटून तिला शोषणारी दुसरी, पांढरी, त्या सोनेरी माशीची. बाहेर वारा, ऊन, आमची भांडणं. आणि एवढ्याशा दाण्यात हे युद्ध, कुणाला पत्ता न लागू देता! आणि आम्ही निघालो होतो ते आमच्याच फौजेला जाळायला.

सासूबाईंना सगळं सांगितलं. "तिच्याकडेही सुईच का?" म्हणून त्या डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.

हे माझा चष्मा लावून बराच वेळ बरणीकडे बघत राहिले. मग कोयता खुंटीला अडकवला. "एक बहर थांबू."

पुढच्या पालवीवर गाठी तुरळक होत्या. नऊ झाडांना फळ धरलं. सासूबाई फांद्या खाली ओढून हिरवी फळं चाचपायच्या. ती पिकायच्या आठ दिवस आधी, गुरुवारी सकाळी, त्र्याऐंशीव्या वर्षी त्या वारल्या.