भाड्याची लॅब

लॅबचं दार उघडलं आणि इटोहानने ओढणीचं टोक नाकाला लावलं. कॉम्प्युटर विभागाच्या या खोलीला ती कॉलेजात आल्यापासून कुलूप होतं. आत पाली आणि वटवाघळं तेवढी शिकून मोठी झाली. आता मान्यता समिती यायची म्हणून ओल्या भिंतींचे पोपडेही न खरवडता वर निळा रंग फासला होता. कुठेतरी उंदीर मेलेला होता, तो काही कुणी शोधला नव्हता. त्या घाणीत टेबलांवर कॉम्प्युटर मात्र झकास मांडलेले होते.

काल दुपारी ते ट्रकमधून उतरले होते. बेनिन सिटीतल्या एका माणसाचा हाच धंदा. ज्या कॉलेजात तपासणी, तिथे त्याचा ट्रक. मांडववाला लग्नाला खुर्च्या देतो तशी हा लॅब देतो, आणि पंगत उठली की घेऊन जातो. विभागात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण लाज कुणाला वाटेल तर शपथ! उलट सगळे सणासारखे नटून आले होते आणि बाहेर जोलोफ भाताची पातेली चढली होती.

विभागप्रमुख डॉ. इगोदारो आपला पायघोळ पांढरा झगा सावरत आत आले.

"इटोहान, पोरी, नीट ऐक. वर्गात पहिली तू, तेव्हा समिती तुलाच विचारणार. रोज लॅबमध्ये बसतो म्हणायचं. आणि जरा हसून. असं एरंडेल प्यायल्यासारखं तोंड नको."

"आणि माझा प्रोजेक्ट, सर?"

"मंडळी जेवायला गेली की एक मशीन तुझं. ट्रक येईपर्यंत काय चालवायचं ते चालव. मी शब्दाचा पक्का आहे."

सोमवारी प्रोजेक्टची परीक्षा होती. प्रोग्राम चालवून दाखवला नाही तर डिग्री नाही, असा नियम. नियम करणाऱ्यांनी मशीन मात्र कधी दिलं नव्हतं. इथे प्रोग्राम कागदावर लिहायचे, परीक्षाही कागदावर द्यायची, आणि अक्षर वाईट असलं की मार्क कापले जायचे. कुठल्या रुग्णालयात कोणत्या गटाचं रक्त शिल्लक आहे ते सांगणारा प्रोग्राम इटोहानने असाच पानांमागून पानं लिहून काढला होता. तो एकदाही चालवलेला नव्हता. घरी लॅपटॉपची ऐपत नव्हती, आणि ज्यांच्याकडे होते ते परीक्षेच्या आठवड्यात देवालासुद्धा हात लावू देत नव्हते. म्हणून तिने मान डोलावली. डोलावताना स्वतःच्याच मानेचा तिला राग आला.

समितीतले दोघे दारातूनच आत डोकावले, नाकाला रुमाल लावून "सुंदर, सुंदर" म्हणाले आणि भाताच्या वासाकडे वळले. आत आल्या त्या एकट्या प्रोफेसर अडेबिम्पे, इबादानकडच्या, जाड भिंगांच्या वयस्कर बाई. त्यांनी खुर्ची ओढली आणि मऊ आवाजात विचारलं, "रोज येतेस इथे, बाळ?"

खोटं इटोहानच्या जिभेवर तयार होतं. पण त्या 'बाळ'ने घात केला.

"नाही, मॅडम. कुणीच येत नाही. ही मशीनं काल ट्रकने आली, संध्याकाळी जातील. आम्ही सगळं कागदावर लिहितो." आता विभाग बंद पडणार, आपली डिग्रीही बुडणार, हे तिला दिसत होतं. तरी छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. निदान एका माणसाने तरी ऐकलं!

बाईंनी दाराकडे पाहिलं. मग समोरचा मॉनिटर हळूच फिरवून त्याच्या पाठीवरचं जांभळं चिकटचित्र दाखवलं.

"हे माझ्या नातवाने चिकटवलंय. मार्चमध्ये हे मशीन आमच्या विभागात होतं. तेव्हा समितीवर तुमचे इगोदारो होते."

इटोहानला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने त्या चित्राकडे बघतच विचारलं,

"मग त्यांनी काय लिहिलं?"

"उत्तम लिहिलं. आता मी अतिउत्तम लिहीन. आपल्यात रीतच आहे तशी." बाईंनी तिच्या गालाला हात लावला. "हुशार आहेस. एमएससीला आमच्याकडे ये. आमची लॅब मोठी आहे."

"कोणत्या महिन्यात असते, मॅडम?"

बाईंना ते लागलं नाही. त्या मनापासून हसल्या आणि जेवायला गेल्या.

उठून निघून जावं, असं इटोहानला फार वाटलं. त्या पानांच्या चिंध्या करून इगोदारोंच्या ताटात टाकाव्यात. पण ती खुर्चीत बसली आणि भराभरा टाइप करू लागली. बाहेर हाडं चोखल्याचे आवाज येत होते. इथल्या माणसांची तिला किळस येत होती, आणि त्यांच्याच कृपेने मिळालेल्या मशीनवर चालणाऱ्या आपल्या बोटांची त्याहून जास्त.

शेवटची ओळ टाइप होईपर्यंत ट्रकवाले आत शिरले होते आणि दाराकडच्या वायरी उपटत होते. तिने प्रोग्राम चालवला. तो पहिल्याच पानावर अडला. चूक दाखवणाऱ्या लाल ओळी पडदाभर पसरल्या. तिने कागदावरची ती ओळ पाहिली. तिच्याखाली इगोदारोंची बरोबरची खूण होती आणि शेजारी लिहिलं होतं, शाब्बास. तशीच ओळ तिने पहिल्या वर्षापासून प्रत्येक पेपरात लिहिली होती आणि पूर्ण मार्क घेतले होते.

"उठा, ताई. उद्या ही वारी शहरातल्या कॉलेजात लावायचीत," म्हणत ट्रकवाल्याने वायर ओढली.

इगोदारो दात कोरत दारात आले. "मग? चालला का प्रोग्राम?"

"सर," ती म्हणाली, "तुम्ही कधी एखादा चालवून पाहिलाय?"

इगोदारोंना खरंच नवल वाटलं.

"चालवून? पोरी, मी शिकवतो."