बोल्टावरची लाल रेघ

पक्केराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गाडी दुरुस्त झाली की हात पुसत तो म्हणायचा, "पक्कं आहे, बिनघोर जा!" आणि लोक बिनघोर जायचे, म्हणून हे नाव पडलं. माणूस कामाला चोख, पण नाकावर माशी बसू देणारा नव्हे. दुसऱ्या कुणी आपलं काम तपासलेलं त्याला खपायचं नाही. तपासायचं कशाला, खूण बघा ना! बोल्ट आवळला की तो त्यावर लाल रंगाची बारीक रेघ ओढायचा, अर्धी बोल्टावर आणि अर्धी शेजारच्या लोखंडावर. रेघ सलग असली की बोल्ट जागचा हललेला नाही. गिऱ्हाइकाने वाकावं, लाल बघावं आणि निघावं.

त्या दिवशी सकाळी तो चहाचा कप घेऊन गॅरेजात आला, तेव्हा ताईची व्हॅन निघून गेली होती आणि ती रात्रभर उभी होती तिथे फरशीवर बशीएवढा तेलाचा डाग पडला होता.

ताई म्हणजे व्हॅनची ड्रायव्हर. आठवड्यातून तीनदा ती सहा पेशंटांना डायलिसिससाठी डोंगरापलीकडच्या इस्पितळात न्यायची. सहांतली एक पक्केरावची आई. इंजिनाच्या बुडाशी तेल काढायचा बोल्ट असतो, तो आठवडाभर गळत होता, म्हणून काल संध्याकाळी ताईने गाडी त्याच्याकडे टाकली होती. पक्केरावने बोल्टाखालचा झिजलेला वायसर काढून नवा घातला आणि नवं तेल भरलं. सकाळी साडेसहाला ताई आईला घेऊन निघाली, तेव्हा हा आंघोळ करत होता.

"जुनाच डाग असेल," असं म्हणत त्याने बोट लावलं. जुनं तेल काळं असतं. हे मधासारखं होतं, कालच ओतलेलं.

काल नेमकं काय काय केलं ते तो आठवायला लागला. गाडीखाली उताणा पडून बोल्ट हाताने फिरवून बसवला. सतराचा पाना जवळ नव्हता, रंगाची बाटली होती. पाना आणेपर्यंत रंग वाळेल म्हणून आधी रेघच ओढून टाकली. हल्ली तो असंच करायचा, दोन मिनिटं वाचायची! मग बाहेर आला तर एक टेम्पोवाला डोक्यावर उभा, माझी गाडी कधी, माझी गाडी कधी. त्याला कसाबसा वाटेला लावून परत आला, वाकून पाहिलं, लाल दिसलं, आणि तेल ओतलं. मधे पाना लावला होता का? लावला होता का रे बाबा? डोकं खाजवून खाजवून दुखायला लागलं, पण पाना लावल्याचं काही आठवेना. स्वतःच्याच रेघेला तो स्वतः फसला होता.

आता काय होणार ते त्याला चांगलं ठाऊक होतं. हाताने बसवलेला बोल्ट धक्क्याधक्क्याने सैल होणार, तेल जाणार आणि ऐन चढावर इंजिन जाम होणार. इंजिन गेलं की ब्रेक दगडासारखा जड. एका बाजूला दरी, गाडीत सहा आजारी माणसं. आणि आई.

ताईला फोन लावला. ती गाडी चालवताना फोन उचलत नसे, आणि याबद्दल पक्केरावनेच तिचं चार लोकांत कौतुक केलं होतं. मग आईला लावला.

"बोल रे," आई म्हणाली. मागे हसणं-खिदळणं चाललं होतं. "आत्ताच सगळ्यांना सांगत होते, आज गाडी कशी लोण्यासारखी चाललीय बघा. माझ्या लेकाने केलीय म्हटलं!"

खरं ओठांवर आलं होतं. पण फोन स्पीकरवर असावा. सहा जण ऐकणार, ताई ऐकणार, दुपारपर्यंत सारं गाव ऐकणार. त्याची जीभ वळली ती भलतीकडेच.

"आई, माझी... माझी पान्यांची पेटी गाडीत राहिलीय. ताईला म्हणावं जरा बाजूला थांब, मी येतो घ्यायला."

पलीकडे कुजबुज झाली. "ताई म्हणते, पेटी कुठे पळून जातेय? येताना देईन. तिकडचं मशीन आपल्यासाठी थांबत नाही." आणि फोन बंद.

झालं! स्वतःच्या खोटेपणाला चार शिव्या हासडत त्याने तेलाचा डबा आणि पाना पिशवीत कोंबला आणि मोटारसायकल काढली. सुरुवातीला रस्त्यावर थेंब दिसेनात, तेव्हा जिवात जीव आला. उगाच घाबरलो, हातानेही बराच घट्ट बसला असेल. पण गावाबाहेर रेल्वेच्या फाटकाशी व्हॅन थांबली असणार. तिथे थेंब नव्हते, तेलाचं थारोळं होतं.

पक्केरावने करकचून ब्रेक दाबला. त्याने तिथल्या तिथे फोन काढला. पुन्हा आईलाच लावला.

"काय रे, परत पेटी?" आई म्हणाली. "चढ लागलाय आता..."

"आई, गाडी थांबवा! आत्ताच्या आत्ता! पेटीबिटी काही नाही. मी बोल्ट आवळलाच नाही. तेल सांडतंय सगळं!"

पलीकडून आईचा आवाज आला, इतका मोठा की फोन कानापासून लांब धरावा लागला. "ताई, थांबव गं! थांबव! बोल्ट सैल आहे म्हणतोय!"

तो पोचला तेव्हा व्हॅन दुसऱ्या वळणावर, दरीपासून हातभर अंतरावर उभी होती. चाकांना दगड लावले होते. पेशंट कठड्याला टेकून बसले होते, आणि कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं. तो सरळ गाडीखाली घुसला. बोल्ट दोन बोटांनी फिरत होता. गरम तेल कोपरापर्यंत ओघळलं, पण त्याने हात काढला नाही. पाना लावला आणि आवळला. बोल्टावरची अर्धी रेघ कुठल्या कुठे गेली होती. बाहेर येऊन त्याने तेलाची पट्टी काढून बघितली, तर टोकाला जेमतेम ओल होती. डबा पुरता रिकामा झाला तेव्हा कुठे तेल खुणेपर्यंत आलं.

ताई शेजारी उभी राहून बघत होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सकाळी मी वाकून बघितलं होतं," ती म्हणाली. "ओलं होतं खाली. मनात आलं, तुम्हाला हाक मारावी. पण लाल दिसलं, पक्केराव. म्हटलं, काल सांडलं असेल. बोल्ट फडक्याने पुसला आणि या सगळ्यांना घेऊन निघाले."

पक्केरावने हातातल्या रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. रेघ नसती तर तिने हाक मारली असती.

"मोटारसायकल इथेच लावा," ताई म्हणाली. "गाडीत बसा. वर पोचेपर्यंत तीनदा थांबणार मी, आणि तीनदा तुम्ही खाली जाऊन बघणार."

गाडीत जागा एकच होती, आईच्या शेजारी. सुजलेले पाय आवरून आईने त्याला बसायला जागा दिली. व्हॅन निघाली. कुणी हसत नव्हतं की खिदळत नव्हतं. वळणामागून वळण गेलं, तरी आई खिडकीबाहेरच बघत होती.

"आई, चुकलो गं मी," तो शेवटी हळूच म्हणाला.

"बोल्ट विसरलास, त्याचं मला काही नाही," आई म्हणाली. "माणूस आहेस, विसरशील. पण पहिल्यांदा फोन केलास तेव्हा तुला माहीत होतं ना?"

"हो."

"आणि तू पेटी म्हणालास." तिने आता त्याच्याकडे बघितलं. "तेव्हा आम्ही सपाटीवर होतो रे. तिथेच थांबलो असतो. सहा माणसांपेक्षा तुला तुझं नाक मोठं वाटलं. त्यात मीही होते."

त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुसायला हात वर नेला, तर हात तेलाने बरबटलेला. तो तसाच बसून राहिला.

पुढच्या वळणावर ताईने गाडी बाजूला घेतली. "उतरा," ती म्हणाली.

पक्केराव उतरला, खाली गेला, बोल्टाभोवती बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कोरडं आहे. थेंबही नाही."

कुणी मान हलवली नाही. ताईने हॅंडब्रेक ओढला, दार उघडलं, ओढणी कमरेला खोचली आणि रस्त्यावर आडवी होऊन स्वतः गाडीखाली गेली. आईसकट सहाही जण, ती बाहेर येऊन काय म्हणते ते ऐकायला, खिडकीकडे सरकले.