सशाला मिठी मारणारा डॉक्टर

चिकट्याला चिकट्या का म्हणतात, हे त्याच्याशी हात मिळवलेल्या माणसाला सांगावं लागत नसे. धंदा बाइंडरचा, बोटं कायम खळीने माखलेली. एकदा म्हणे त्याने कुणाच्या तरी पाठीवर शाबासकी दिली, तर तो माणूस चिकट्याला पाठीवर घेऊनच घरी गेला. खरंखोटं त्या पाठीला ठाऊक.

वाचनालयात महिन्यातून एकदा वाचकांची बैठक भरे आणि जो तो वाचलेल्या पुस्तकावर आपलं मत ठोकून देई. चिकट्या मागच्या रांगेत डुलकी काढायला जायचा. या खेपेला मात्र शेजारी त्याचा थोरला भाऊ होता, तोही इस्त्रीचा शर्ट घालून. दादा घड्याळं दुरुस्त करी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याने याच बैठकीला येणाऱ्या टेलरबाईंना लग्नाचं विचारलं होतं आणि त्या म्हणाल्या होत्या, "हातातली कादंबरी संपू दे, मग सांगते. अर्धवट वाचून मी कशालाच हो म्हणत नाही." कादंबरी काल संपली होती.

आधी ग्रंथपालबाईंची सात वर्षांची नात उठली.

"पुस्तक छान आहे. ससुल्या हरवतो. मग बंदरावर डॉक्टर येतो आणि मिठी मारून म्हणतो, आता आयुष्यभर मला सोडून जाऊ नकोस. डॉक्टर आधी कुठेच नव्हता. पण आला ते बरं झालं, ससुल्याला सर्दी होती."

सभा खदखदून हसली. सगळ्यात मोठ्याने दादा. चिकट्याची डुलकी मात्र खाडकन उतरली. वाचनालयाने मागच्या महिन्यात तीन पुस्तकं एकदमच बांधायला दिली होती. एक प्रेमकथा, एक सुपरहिरोचं, एक मुलांचं. तिन्ही एकाच आकाराची. शिवण उसवून त्याने तिन्हींचे शेवटचे फर्मे, म्हणजे शेवटची सोळा-सोळा पानं, वेगळी काढून वजनाखाली ठेवली होती. आणि परत लावताना...

तेवढ्यात निवृत्त मुख्याध्यापक खाकरले. सुपरहिरोचं पुस्तक त्यांनी नातवासाठी म्हणून नेलं होतं; त्यांना नातू नव्हता.

"पान एकशे चव्वेचाळीसनंतर एकदम तेहेतीस येतं. केवढं धाडस! अख्खं शहर वाचवणारा वीर शेवटी बिळात परततो. आई त्याचे लांब कान पुसते, आणि तो दूध पिऊन झोपतो. बळाचा शेवट वात्सल्यात! मंडळी, याला म्हणतात साहित्य!"

टाळ्या पडल्या. आता उठायला हवं होतं. "थांबा, घोळ माझा आहे," एवढंच म्हणायचं होतं. चिकट्या अर्धा उठलासुद्धा.

"काय रे, मुंग्या आल्या पायाला?" दादाने विचारलं.

"हो," म्हणून चिकट्या खाली बसला.

टेलरबाई उभ्या राहिल्या.

"ती बिचारी धक्क्यावर बॅग घेऊन त्याची वाट बघतेय. पान उलटलं, तर त्याच्या तोंडावर मुखवटा आणि खांद्यावर पूल! म्हणतो, साऱ्या शहराचा भार माझ्यावर आहे, मी कुणा एकीचा होऊ शकत नाही. आणि उडून जातो."

"प्रेमकथेत उडतो?" कुणीतरी विचारलं.

"उडतातच हो. लिहिलेलं मात्र मी पहिल्यांदाच वाचलं." मग त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं आणि हळूच नकारार्थी मान हलवली. दादाच्या शर्टाची इस्त्री जागच्या जागी उतरली.

घरी आल्यावर दादाने शर्ट काढून खुर्चीवर फेकला. बंद पडलेलं एक घड्याळ उघडून बसला आणि नुसताच त्यात बघत राहिला. चिकट्या वाचनालयातून ससुल्याचं पुस्तक घेऊन दुकानात आला आणि त्याचा शेवटचा फर्मा उसवू लागला. उसवताना त्याला तो बांधणीचा दिवस आठवला. त्या दिवशी त्याचं लक्ष पुस्तकांत नव्हतंच. दादाचं लग्न झालं की दोघांच्या खोलीतून आपली रवानगी इथे, खळीच्या डब्यांत आणि ती खळ खाणाऱ्या झुरळांत, हाच विचार डोक्यात घोळत होता. मग हात चुकला, की हाताला कुणी चुकायला सांगितलं? त्याने स्वतःला खोदून खोदून विचारलं. उत्तर एकच, माहीत नाही. सभेत खाली बसलो त्याचं काय, याला मात्र तेवढंही उत्तर नव्हतं.

संध्याकाळी ती सोळा पानं घेऊन तो टेलरबाईंकडे गेला. त्यांनी शिलाई मशीन थांबवली, उभ्याउभ्याच सगळं वाचलं.

"डॉक्टर येतो म्हणायचा. फारच गोड आहे बाई, दात दुखले." पानं बाजूला ठेवून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुस्तकाच्या शेवटावर मी नवरा ठरवते असं वाटलं तुला?"

"तसं नाही, पण..."

"धाकट्याची झोपायची सोय दुकानात करू, असं मी तुझ्या दादाला म्हटलं होतं. तो म्हणाला, तो माझ्याजवळच राहील, बाकी काहीही सांगा. मी कुरकुरत का होईना, हो म्हणणार होते. तुला भाऊजी म्हणायची तालीमसुद्धा केली होती. मग तो पूलवाला वाचला आणि वाटलं, नको. ज्याच्या खांद्यावर आधीच कुणीतरी बसलंय, त्याच्या वाटेला कशाला जा."

चिकट्याला खाली बघायलाही जागा सापडेना. सगळीकडे कापडाचे तुकडे.

"मुद्दाम केलंस?"

"माहीत नाही."

"हे आधी दादाला सांग. तुझ्या तोंडाने. त्याच्याआधी मला काही विचारू नकोस."

दादाने डोळ्यावरचं भिंग न काढताच सगळं ऐकलं. दुकानातलं, टेलरबाईंचं, ते "माहीत नाही"सुद्धा.

"डॉक्टरने सशाला मिठी मारली," तो म्हणाला, "तेव्हा मी हसलो. तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"म्हणजे ती बोलायच्या आधी."

"हो, दादा."

"मुंग्या आल्या म्हणालास."

दादाने भिंग काढून ठेवलं. "फर्मे कुणाच्याही हातून उलटसुलट होतील रे. त्याबद्दल मी काही म्हणत नाही." मग तो उठला आणि खुर्चीवर फेकलेला तोच चुरगळलेला शर्ट झटकून अंगात घातला. बटणं खालीवर लागली.

"मीही येतो, दादा. टेलरबाईंना मी सांगतो, मी दुकानात राहीन म्हणून. आजपासूनच."

"नको. माझं मी बोलतो. आणि तू कुठे राहायचं, ते आता मी आणि ती ठरवू."

दार ओढून घेऊन तो गेला. जी खोली सुटू नये म्हणून एवढं झालं होतं, ती पुरी खोली चिकट्याच्या वाट्याला आली होती. दोन खाटा, दोन उशा. बसावं कुठे, ते काही त्याला कळेना.