फर्स्ट पडदा

पडदे शिवण्यात माझी हयात गेली. इंग्रजी शिकायला सवड मिळाली नाही आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही. फर्स्ट, सेकंड, थर्ड, फोर्थ एवढं येतं. नाट्यगृहवाले पाचवा पडदा मागत नाहीत.

नव्या नाट्यगृहाची ऑर्डर आली तेव्हा सूनबाई कागद घेऊन बसली. शिकलेली ना, कागद दिसला की तिला वाचावासा वाटतो.

"आई, फर्स्ट लाल मखमली, सेकंड निळा, थर्ड काळा, फोर्थ पांढरा. पण कुठून मोजायचे ते मॅनेजरना विचारू का?"

"पहिला म्हणजे पहिला. उद्या विचारशील, सूर्य कुठल्या खिडकीतून उगवतो."

"आणि चुकलं तर?"

"तर हा टेप तुझ्या गळ्यात. गिऱ्हाइकाकडे मापाला तू जा, मी इथे कड्या शिवत बसेन."

शिवणाऱ्या चौघींनी मशिनी थांबवून हे ऐकलं. म्हणजे आता माघार नाही.

टांगायची आमची रीत एकच, मागच्या भिंतीपासून सुरुवात. पुढचे आधी लावले तर मागे शिडी नेणार कुठून? जो आधी चढतो तो पहिला. लाल मखमल भिंतीशी गेली, पुढे निळा, मग काळा, आणि पांढरा अगदी तोंडाशी. चुणीला चूण जुळलेली.

मॅनेजर आला, समोरच्या रांगेत बसला आणि पांढऱ्या पडद्याकडे बघत राहिला.

"बाई, लाल कुठाय?"

"आहे की. हा बाजूला सारा, मग काळा, मग निळा, की आलाच."

"तोवर लोक घरी जातील. खुर्चीवरून मोजायचं असतं हो."

"खुर्चीवर बसणाऱ्याला शिडी चढावी लागत नाही," मी म्हटलं.

तो हसला, पण प्रयोग परवाच होता. चारही पडदे उतरवणं आलं.

सूनबाईनं शिडी ओढून आणली. हसली असती तर निदान भांडता आलं असतं. मी टेप काढून तिच्या गळ्यात घातला.

"उद्या संध्याकाळपर्यंत करून देतो," ती मॅनेजरना म्हणाली.

"संध्याकाळ कशाला? दुपारीच," मी म्हटलं.

"आई, गिऱ्हाइकाशी मी बोलतेय ना?"

मॅनेजरनं छताकडे पाहिलं. मी मुकाट्यानं पांढऱ्या पडद्याचं एक टोक धरलं.